चावी काढली तरी डिझेल इंजिन चढतंच, काय करावं?

प्रश्न: मॅन्युअल डिझेल गाडी. उभी असताना इंजिन आपोआप रेस होतं, पांढरा-निळा धूर येतो, चावी काढूनही थांबत नाही. बंद कसं करायचं?

उत्तर १: इंजिन स्वतःचंच ऑइल जाळतंय, म्हणून चावी निरुपयोगी. ब्रेक पूर्ण दाबा, हँडब्रेक ओढा, पाचवा गिअर टाकून क्लच झटकन सोडा. गुदमरून बंद पडेल. हे पहिल्या काही सेकंदांतच करा.

उत्तर २: ऑटोमॅटिकमध्ये हे जमत नाही. इनटेकमध्ये (इंजिन हवा ओढतं त्या तोंडात) सीओटू एक्स्टिंग्विशर (कार्बन डायऑक्साइडचं अग्निशामक) मारतात. तिथे हात किंवा फडकं कृपया लावू नका, आत खेचलं जातं! आरपीएम (इंजिनचे फेरे) फार चढले असतील तर सरळ लांब व्हा.

उत्तर ३: बहुतेकदा टर्बोचं (इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा) सील गेलेलं असतं, तिथून ऑइल इंजिनात जातं. डिपस्टिकही (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) बघा, डीपीएफ रिजनरेशन (धुराच्या फिल्टरमधली काजळी जाळणं) वारंवार अर्धवट राहिलं की डिझेल ऑइलमध्ये उतरून पातळी वाढते. टर्बो बदलताना इंटरकूलरमधलं (टर्बोची हवा थंड करणारा भाग) साचलेलं ऑइल काढायलाच हवं, नाहीतर नव्या टर्बोवरही तेच.