नौदल वैमानिकांची युद्धकाळातली लॉगबुकं: मूळ वही साताऱ्या-सांगलीत आणावी का?

अजिंक्यतारा

दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश नौदल वैमानिकांची फ्लाइंग लॉगबुकं (प्रत्येक उड्डाणाची नोंद ठेवायच्या वह्या) आपल्या दोन जिल्ह्यांतले काही संग्राहक इंग्लंडातल्या लिलावांतून मागवू लागलेत. यावर दोन तट पडलेत. "परक्या माणसाची वही साताऱ्यात कशाला?" असं काहींचं म्हणणं, तर "विकायला आलीच आहे तर आपण का नको?" असं इतरांचं. मी दुसऱ्या बाजूचा.

वही परक्या देशाची असली तरी तिच्यातला भूगोल पुष्कळदा आपल्या शेजारचा असतो. १९४४ मध्ये ब्रिटिश ईस्टर्न फ्लीटचा तळ श्रीलंकेतल्या त्रिंकोमालीला होता. त्या आरमारातल्या वैमानिकांच्या वह्यांत तिथलेच चायना बे, कटुकुरुंडा, पुत्तलम येतात, तसंच आपल्याकडचं कोइमतूर आणि सुलूरही. आजच्या इंडोनेशियातले, म्हणजे १९ एप्रिल १९४४ चा सबांगवरचा हल्ला, १७ मेचा सुराबायावरचा, २४ आणि २९ जानेवारी १९४५ चे पालेम्बांगच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांवरचे हल्ले, हे सगळं हिंदी महासागरातून निघालेल्या जहाजांवरून झालं. ब्रह्मदेशची आघाडी आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे, हे युद्ध मात्र नाही.

सरकार सगळं जपतं यावरही विसंबू नका. ब्रिटिश हवाई मंत्रालयाकडे जमा झालेली, कुणी न मागितलेली बहुतेक लॉगबुकं १९६० च्या सुमारास नष्ट केली गेली. नमुन्यादाखल ठेवलेली क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात 'एअर ४' या मालिकेत आहेत. ही गोष्ट हवाई दलाची, पण धडा तोच. आज जे हाती आहे त्यातलं पुष्कळ घरांतून आणि संग्राहकांकडून वाचलेलं आहे.

म्हणून घ्यावी. मात्र अख्खी घ्यावी, सुटी पानं घेऊ नयेत, आणि घेतल्यावर पानापानाचं रंगीत स्कॅन अभ्यासकांना फुकट खुलं करावं.

मिरज जंक्शन

अजिंक्यतारा, 'अख्खी' म्हणजे किती अख्खी? वैमानिकाच्या घरून निघतो तो संच असतो: पदकं, लॉगबुक, फोटोंचा अल्बम, पत्रं, प्रशिक्षणाच्या वह्या. पदकांचं गिऱ्हाईक वेगळं, फोटोंचं वेगळं. चार लॉट केले की जास्त पैसे मिळतात, हे प्रत्येक विक्रेत्याला कळतं. मग होतं असं की लॉगबुकात विमानाचा नंबर राहतो आणि त्याच नंबराच्या विमानाचा फोटो दुसऱ्या खंडात जातो. फोटोतलं विमान कुणी चालवलं हे सांगणारा कागद आता त्याच्यासोबत नाही. मोडी दप्तराचा रुमाल सोडून एकेक कागद विकला की उरलेल्या कागदांचं जे होतं, तेच इथे होतं. तुम्ही अख्खी वही घेतलीत, तरी संच फोडायला पैसे तुम्हीच पुरवलेत.

आणखी एक. स्वोर्डफिश आणि बाराकुडा या विमानांत तिघे असायचे: पायलट, ऑब्झर्व्हर आणि टेलिग्राफिस्ट एअर गनर. एकाच उड्डाणाच्या तीन नोंदी तीन वह्यांत. तिन्ही समोर असल्या तर वेळा, दिशा, काय दिसलं, सगळं ताडून बघता येतं. बाजाराला हवी असते पायलटची वही. गनरची वही घरच्यांनी फेकून दिली तर हळहळणारा कुणी नसतो. ज्या मागणीमुळे एक वही वाचते आणि दोन दुर्लक्षित राहतात, तिला जपणूक म्हणायला मी तयार नाही. घरच्यांना नको असेल तर वही इंग्लंडातल्या येओव्हिल्टनच्या फ्लीट एअर आर्म (ब्रिटिश नौदलाची हवाई शाखा) संग्रहालयाला द्यावी. तिथे बाकीच्या दोन वह्या सापडायची शक्यता तरी असते.

टिपकागद

तुम्ही दोघंही वही खरी आहे असं धरून चाललात. आधी तिथे थांबू.

अख्खी बनावट वही तयार करणं फार कष्टाचं काम आहे. त्यापेक्षा खऱ्या, साध्या वहीत एखाद्या गाजलेल्या हल्ल्याचे चार शब्द घुसडणं सोपं, आणि किंमत त्यानेच चढते. म्हणून सगळी वही बघण्याआधी विक्रेता जे पान पुढे करतो तेच पान संशयाने बघा.

बेरजेपासून सुरुवात करा. ब्रिटिश वहीत वेळ तास-मिनिटांत असते, अमेरिकन नौदलाच्या वहीत तास आणि दशांशात. म्हणजे १.५ हा दीड तास, १ तास ५ मिनिटं नव्हे. पानाच्या तळाशी बेरीज, पुढच्या पानाच्या डोक्यावर ती पुढे ओढलेली, महिन्याअखेर गोषवारा आणि वरिष्ठाची सही. घुसडलेल्या ओळीत दीड तास असेल तर तळाची बेरीज दीड तासाने कमी पडते. बेरीज चुकली म्हणजे बनावट, असं मात्र नाही. खऱ्या वह्यांत चुका सर्रास असतात, आणि पुढे कधीतरी त्या दुरुस्त करून शेजारी आद्याक्षरं केलेली असतात. ज्या चुकीची दुरुस्ती पुढे कुठेच नाही आणि जी नेमकी गाजलेल्या दिवशीच पडते, ती घातक.

हुशार माणूस ओळ वाढवत नाही. जुन्याच नोंदीच्या 'ड्यूटी' रकान्यात शब्द जोडतो. बेरीज शाबूत राहते. तिथे दहा पट भिंग लावा. त्या काळची शाई कागदात मुरलेली असते, आणि वही मिटल्यावर समोरच्या पानावर तिची पुसट सावली उमटलेली असते. मागाहून लिहिलेल्या शब्दांची सावली बहुधा नसते, आणि शाई जुन्या अक्षरांच्या वरून गेलेली दिसते.

मग इतिहासाशी ताडा. सबांगच्या हल्ल्यात इलस्ट्रियस या विमानवाहू जहाजावर ८१० आणि ८४७ स्क्वाड्रनची बाराकुडा होती. सुराबायाचा पल्ला बाराकुडाला झेपणारा नव्हता, म्हणून ती उतरवून ८३२ आणि ८४५ स्क्वाड्रनची अ‍ॅव्हेंजर घेतली. '१७ मे १९४४, बाराकुडा, सुराबाया' अशी नोंद दिसली तर पुढे जाऊच नका. अ‍ॅव्हेंजरला ब्रिटिश नौदलात जानेवारी १९४४ पर्यंत टार्पन म्हणत, वाइल्डकॅटला मार्टलेट. १९४२ च्या पानावर 'वाइल्डकॅट' दिसलं तर ते पान पुन्हा तपासा. जहाजावर पहिल्यांदा उतरण्याआधी धावपट्टीवरच खोट्या डेकचा सराव होई, वहीत त्याला 'ए.डी.डी.एल.' लिहीत. तो सराव कुठेच नाही आणि एकदम डेक लँडिंग, असं असेल तर मधलं काहीतरी गायब आहे किंवा खोटं आहे. स्क्वाड्रनच्या रोजनिश्या क्यूला 'एडीएम २०७' मध्ये आहेत, तिथे तारीख आणि नाव मिळतं का बघा.

बॉलपेन दिसला म्हणून लगेच वही टाकू नका. अनेक वैमानिकांनी म्हातारपणी आपल्याच वहीत टिपणं केलीत. ती नंतरची आहेत एवढं नमूद करायचं. ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च मात्र जवळ असू द्या. १९५० नंतरच्या पुष्कळ कागदांत चमक आणणारं रसायन असतं, ते निळसर उजळतं. युद्धकाळातला कागद मंदच राहतो. मधलंच एखादं पान उजळलं तर ते पान बदललेलं आहे.

यातलं निम्मं स्कॅनवरून कळत नाही. म्हणून मूळ वही कुणीतरी जपली पाहिजे, याबाबत मी अजिंक्यताऱ्याच्या बाजूने.

मिरज जंक्शन

आणि त्यातलं निम्मं लिलावाच्या चार फोटोंवरूनही कळत नाही. सावली, शाई, उजळणारं पान, हे सगळं पैसे भरल्यावरच कळणार. म्हणजे फसण्याची जोखीम इथल्या माणसाने घ्यायची आणि वस्तू परत पाठवायला पुन्हा जहाजभाडं, कस्टम.

टिपकागद

म्हणून बोली लावण्याआधी मागायचे फोटो ठरलेले असावेत: नावाचं पहिलं पान, शेवटची एकूण बेरीज, गाजलेल्या उड्डाणाचं पान आणि त्याच्या आधीची-नंतरची दोन-दोन पानं, वार्षिक शेऱ्याचं पान, आणि वही उभी धरून शिवणीचा फोटो. तिरप्या उजेडात काढलेला एक फोटो हवाच, खाडाखोड केलेली जागा त्यात खडबडीत दिसते. विक्रेता देत नसेल तर सोडून द्यायची.

कृष्णाघाट

बाजाराचं झालं. वही आल्यावर ठेवणार कुठे, यावर कुणी बोललंच नाही. २००५, २०१९, २०२१ असे पूर बघितलेल्या सांगलीत तळमजल्यावरच्या लोखंडी कपाटात शाईची वही ठेवणं म्हणजे ती घालवणंच. लाल शाई बहुतेक इओसिन या रंगाची असते. ती उन्हात विटते आणि पाण्यात पहिल्यांदा वाहून जाते. रात्रीची उड्डाणं पुष्कळ वेळा लालने लिहिलेली असतात, म्हणजे नेमका तोच भाग जातो.

महाबळेश्वर, पाटणकडच्यांनी पूर नाही म्हणून निश्चिंत राहू नये. जुलै-ऑगस्टात तिथली हवा आठवडेच्या आठवडे ओलसर असते, आणि सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकली की बुरशी धरते. वही ४५ ते ५५ टक्क्यांत राहायला हवी. उपाय साधा आहे: घट्ट झाकणाचा पॉलिप्रॉपिलीनचा डबा, आत आम्लमुक्त कागदात गुंडाळलेली वही, छोटा हायग्रोमीटर आणि सिलिका जेल. २० लिटरच्या डब्याला साधारण ४०० ग्रॅम जेल लागतं. रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास वाळवून पुन्हा वापरायचं. नारिंगी जेल घ्या, निळ्यात कोबाल्ट असतं. आकडा ४० च्या खाली गेला तर थोडं जेल काढा, फार कोरड्या हवेत जुना पुठ्ठा आणि सरस तडकतो.

डांबराच्या गोळ्या नकोत, त्यांची वाफ कागदावर आणि प्लॅस्टिकवर बसते. पीव्हीसीचं कव्हर नको, त्यातलं तेल शाई उचलतं. पॉलिएस्टर चालतं. सेलोटेप आणि लॅमिनेशनचं नावही काढू नका. कसर दिसली तर वही पिशवीत घालून, हवा काढून, घरच्या डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवायची. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडायची नाही, नाहीतर थंड कागदावर दव धरतं.

भिजलीच तर उघडून पंख्याखाली धरू नका. पानं फाटतात आणि शाई पसरते. मिटलेलीच पिशवीत घालून ४८ तासांच्या आत गोठवा, पुढचं काम कागद-संवर्धकाचं. हे जमणार नसेल त्याने मूळ वही घेऊ नये, स्कॅनवर समाधान मानावं.

अजिंक्यतारा

कृष्णाघाट, हे सगळं मान्य, आणि जमण्यासारखं आहे. डबा, जेल, मीटर मिळून खर्च वहीच्या किमतीपुढे काहीच नाही.

स्कॅनबद्दल थोडं नेमकं. सपाट स्कॅनरवर वही उलटी दाबली की शिवण तुटते. वही ९० ते १२० अंशांत उघडी राहील असा व्ही आकाराचा आधार, वर कॅमेरा, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत दिवे. ४०० डीपीआय, २४ बिट रंगीत, शेजारी मोजपट्टी आणि रंगपट्टी. ८ बाय १० इंचांच्या पानाची न दाबलेली टिफ फाइल ३८ एमबीच्या आसपास होते, म्हणजे १०० पानांना जेमतेम ४ जीबी. कोरी पानं, पुठ्ठा, आत खोचलेले चिटोरे, सगळं त्याच क्रमाने. चिटोरा कुठल्या दोन पानांमध्ये होता हे फाइलच्या नावातच लिहा. काळं-पांढरं स्कॅन केलं तर लाल-निळ्यातला अर्थच जातो.

मिरजकर, संच फुटण्याचा तुमचा मुद्दा खरा आहे. पण लॉट फुटल्यानंतर वही बाजारात उभी असते, आणि ती कुणीच घेतली नाही तर पुढचा विक्रेता पानं सुटी करून फ्रेममध्ये विकतो. त्या क्षणी घेणारा संग्राहक संच फोडत नाही, उरलेलं राखतो.

मिरज जंक्शन

पानं सुटी होतात कारण फ्रेम घेणारेही संग्राहकच आहेत. असो, दुसरं बघा. तुम्ही १९४४ ची वही साताऱ्यात आणलीत. उद्या त्या वैमानिकाची नात इंग्लंडातून लिहिते, आजोबांची वही द्याल का? आपल्या १९७२ च्या पुरावशेष कायद्यात इतर वस्तूंना १०० वर्षांची मर्यादा आहे, पण ऐतिहासिक मोलाच्या दस्तऐवजांना ७५ वर्षांचीच. १९४४ ची वही ती मर्यादा ओलांडून बसली आहे. बाहेर पाठवण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचं मत घ्यावं लागेल, आणि उत्तर काय येईल ते तुमच्या हातात नाही. आणणं सोपं, परत देणं अवघड. निदान आयातीची बिलं, कस्टमची कागदं, लिलावाची पावती वहीसोबत कायम ठेवा.

माण-खटाव

सबांग, सुराबाया सगळं ठीक आहे ओ, पण आपल्या घरातल्या वह्यांचं काय? देशातलं पहिलं सैनिक स्कूल १९६१ साली आपल्या साताऱ्यात निघालं. अपशिंग्याला 'मिलिटरी अपशिंगे' म्हणतात, कऱ्हाडात १९७१ चा विजय दिवस दरवर्षी साजरा होतो. त्याच १९७१ मध्ये ४ डिसेंबरला विक्रांतवरून सीहॉक विमानं उडाली आणि कॉक्स बाजारवर हल्ला झाला. सीहॉक आणि अलीझे चालवलेल्या लोकांच्या वह्या कुठल्या ना कुठल्या ट्रंकेत आहेतच. परदेशी लिलावात बोली लावायला पैसा आहे, तर आधी त्या वह्यांना एकेक डबा आणि जेल द्या. विकतच घ्यायला हवं असं नाही, मूळ वही घरच्यांकडेच राहू दे.

टिपकागद

माण-खटाव, तुमच्या म्हणण्याला माझा पूर्ण पाठिंबा, पण त्या वह्यांचं स्कॅन उघड्यावर टाकायची घाई नको. अजिंक्यताऱ्याची 'सगळ्यांना खुलं' ही अट १९४४ च्या वहीला चालते, १९७१ च्या वहीला जशीच्या तशी नाही. १९२३ चा शासकीय गुपिते कायदा अजून लागू आहे, आणि उड्डाणाच्या नोंदींत तळ, शस्त्रं, सराव यांचे तपशील असू शकतात. स्कॅन करून घरच्यांना एक प्रत, एक बंद लिफाफ्यातल्या डिस्कवर. प्रसिद्ध करण्याआधी नौदलाला विचारायचं. गोव्यात दाबोळीजवळ नौदलाचं विमान संग्रहालय आहे, घरच्यांची इच्छा असेल तर त्यांना आधी पत्र लिहावं. वही देताना पावती घ्यावी आणि त्यात पानांची संख्या, खोचलेले कागद आणि शेवटची एकूण बेरीज लिहून घ्यावी.

अजिंक्यतारा

हे पटलं, १९७१ च्या वह्यांना 'खुलं स्कॅन' ही अट लावणार नाही. परदेशी वह्यांबाबत माझं मत तेच आहे. मिरजकरांच्या नातीच्या प्रश्नाला एक वाट आहे: बोली लावण्याआधी विक्रेत्यामार्फत घरच्यांना कळवायचं, आणि त्यांना वही हवी असेल तर आपण बोलीच लावायची नाही.

मिरज जंक्शन

विक्रेता कळवेल याची खात्री नाही. तुम्ही स्वतः त्या स्क्वाड्रनच्या माजी सैनिकांच्या संघटनेला लिहा, आणि उत्तर यायला निदान एक महिना मिळेल असाच लिलाव निवडा. तेवढं केलंत तर मी विरोध करणार नाही.