युद्ध चालू असलेल्या देशात राहिलायत? तिथला साधा दिवस कसा जायचा, लिहा

बातम्यांत रणगाडे दिसतात, नकाशे दिसतात, तज्ज्ञ मंडळी तावातावाने भांडतात. पण त्या शहरात सकाळी उठून पाणी कुठून आणायचं हे कुणी सांगत नाही. आपल्यातले बरेच जण नोकरीला, शिकायला म्हणून गेले आणि अशा ठिकाणी अडकले, काही तर मुद्दाम राहिले. त्यांनी लिहा. कोण चूक कोण बरोबर ते प्लीज नको. पाणी, लाईट, पैसे, झोप, पोरांची शाळा, काहीही चालेल. मीच सुरू करते.

आम्ही कीव्हला. फेब्रुवारी २०२२ मध्ये बाहेर पडलो आणि सप्टेंबरमध्ये नवऱ्याच्या कामामुळे परत गेलो, घरचे म्हणाले डोकं फिरलंय तुमचं. १० ऑक्टोबरला सोमवारी सकाळी ऑफिसच्या वेळेला क्षेपणास्त्रं पडली आणि मग पूर्ण हिवाळा वीजकेंद्रांवर मारा चालू राहिला. लाईट कधी जाणार याचं टाइमटेबल फोनवर यायचं पण ते पाळलं जायचंच असं नाही. दिवे आले की रात्रीचे दोन का असेनात, मी उठून वॉशिंग मशीन लावायचे, फोन पॉवरबँक चार्जिंगला, एका शेगडीवर वरण एकीकडे भात, नवरा गिझरकडे. फ्रिजची मात्र चिंता नव्हती, बाल्कनीतच सगळं गोठायचं.

आम्ही १४ व्या मजल्यावर. वीज गेली की पंप बंद, म्हणजे नळही कोरडा. लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरच्या आजींनी एक खोका ठेवला होता, त्यात पाण्याची बाटली, बिस्किटं, टॉर्च, मधेच कुणी अडकलं तर असावं म्हणून. पुढे कुणीतरी त्यात एक छोटं स्टूलही आणून ठेवलं. बिस्किटं कुणी न अडकताच संपायला लागली तेव्हा आजींनी चिठ्ठी चिकटवली, 'ही अडकलेल्यांसाठी आहेत, भुकेल्यांनी माझी बेल वाजवा'. संशयित आमचीच मुलगी होती, आता सांगायला हरकत नाही.

सायरनला सुरुवातीला दरवेळी १४ मजले उतरून तळघरात जायचो. दीड महिन्यात ते संपलं. मग दोन भिंतींचा नियम, म्हणजे आपल्यात आणि बाहेरच्यात दोन भिंती पाहिजेत, पहिली स्फोट झेलते, दुसरी काचा. आमच्याकडे तशी जागा म्हणजे बाथरूमपुढचा बोळ, तिथेच गादी, तिथेच मुलीचा अभ्यास. फोनवर बघायचं ड्रोन आहे का मिसाईल आणि मग ठरवायचं उठायचं की कूस बदलायची. चूक होतं हे, माहीत होतं, पण सकाळी सातला उठून कामाला तर जायचंच होतं ना. २३ नोव्हेंबरला जवळजवळ अख्ख्या शहराचं पाणी गेलं तेव्हा बागेतल्या सार्वजनिक नळांवर रांगा लागल्या, आणि मी पाच लिटरचे दोन कॅन घेऊन १४ जिने चढले. त्यानंतर भांडी घासायची बंद, कागदी प्लेटा.

-----

सुमी, युक्रेन, मार्च २०२२, मेडिकलचे स्टुडंट. आमच्या हॉस्टेलचं पाणी गेलं तेव्हा बर्फ वितळवून प्यायलो, न्यूजमध्येही आलं होतं ते. बर्फ चिक्कार दिसतो पण बादली गच्च भरून आणली आणि वितळवली की तळाशी चार बोटं पाणी, त्यात पाचोळा, माती. ओढणीतून गाळायचो. आधी कौतुकाने व्हिडिओ काढले, दुसऱ्या दिवशी बर्फ आणायची पाळी कुणाची यावरून भांडणं. ८ मार्चला बसेस निघाल्या.

-----

माझं फार जुनं आहे, कुवेत, ऑगस्ट १९९०. मी ११ वर्षांची. २ तारखेला पहाटे इराकी सैन्य आलं, बाबा ऑफिसला जायला निघाले आणि दहा मिनिटांत परत आले एवढं आठवतं. परदेशी फोन बंद, बातम्या म्हणजे बाबांचा ट्रान्झिस्टर. बेकरीपुढे खुबूझसाठी पहाटे चारपासून रांग, बायकांची रांग वेगळी आणि छोटी म्हणून आई मला घेऊन उभी राहायची, लहान मूल दिसलं की दोन जास्त मिळतील या आशेने. एकदा एक इराकी सैनिक आमच्या मागे उभा होता, त्यालाही पावच हवा होता, चेहरा थकलेला, कॉलेजातला मुलगा वाटावा असा.

पैशाचं तर विचारू नका. बाजारात कितीतरी स्वस्त असलेला इराकी दिनार कुवेती दिनारच्या बरोबरीचा म्हणून जाहीर झाला, म्हणजे बाबांच्या ११ वर्षांच्या बचतीचं काय झालं असेल बघा. आईने सोनं परकराच्या नेफ्यात शिवलं आणि बसऱ्यावरून बगदाद, तिथून जॉर्डनपर्यंत बसमध्ये ती एकदाही टेकून बसली नाही. वाळवंटातल्या तंबूंत काही दिवस, मग अम्मानहून एअर इंडिया. पुढे वाचलं की त्या विमानांच्या ४८८ फेऱ्या झाल्या. गाडीची किल्ली बाबांनी शेजारच्या पॅलेस्टिनी काकांना दिली होती, दुसरी आमच्याकडे अजून आहे.

-----

खार्टूम, सुदान, २०२३. १५ एप्रिल, शनिवार, रमजान चालू. सैन्य आणि आरएसएफ (तिथलं निमलष्करी दल) एकमेकांवर भर वस्तीत तोफा डागतायत आणि आम्ही सात जण एका फ्लॅटमध्ये, बाहेर चाळीसच्या वर तापमान, लाईट नाही, पाणी नाही. नशीब की रूममेट दर शुक्रवारी सगळी पिंपं भरून ठेवायचा, त्याला आम्ही कंजूष म्हणायचो. खालचा वॉचमन गोळीबार थांबला की गाढवाच्या गाडीवरून पाणी आणायचा, नाईलचं, गढूळ, तुरटी फिरवून. गोळीबार थांबला हे कसं ओळखायचं, तर पक्षी ओरडायला लागायचे. तो दर संध्याकाळी रोजा सोडताना आम्हालाही दोन खजूर द्यायचा. पुढे बसने पोर्ट सुदान, तिथून जहाजाने जेद्दा, त्याबद्दल बऱ्याच जणांनी लिहिलंय म्हणून थांबतो. वॉचमनचा फोन त्या मे महिन्यापासून लागत नाही.

-----

सना, येमेन, नर्स. २०१५ ला भारतीयांना काढलं तेव्हा मी गेले नाही, चार महिन्यांचा पगार अडकला होता आणि घरी कर्ज. २० एप्रिलला फज्ज अत्तान डोंगरावर हल्ला झाला, आमच्या वॉर्डच्या सगळ्या काचा गेल्या, पेशंटच्या अंगावरच्या चादरी उचलून झटकत होतो. पण लोक विचारतात तेव्हा मला बॉम्ब नाही आठवत, डिझेल आठवतं. जनरेटरला किती उरलंय हे डॉक्टरांच्या आधी वॉर्डबॉयला माहीत असायचं. पेट्रोलच्या रांगेत लोक गाडीतच झोपायचे. पगार निम्मा मिळाला.

-----

वरचं डिझेल वाचून लिहितोय. मी इराकमध्ये बसऱ्याला २०१३ मध्ये होतो, म्हणजे मोठी लढाई कधीच संपलेली, तरी सरकारी लाईट, तिथल्या भाषेत वतनिया, दिवसातून काही तासच. बाकी गल्लीतला जनरेटरवाला. त्याच्याकडून महिन्याला अँपिअर विकत घ्यायचे. आम्ही पाच घेतले होते, त्यात फ्रिज, पंखे, टीव्ही एवढंच, उन्हाळ्यात पारा ५० ला टेकलेला. कुणी चुकून इस्त्री लावली की ब्रेकर पडला, आणि ब्रेकर आपल्या घरात नसतो, जनरेटरपाशी तारांच्या जंजाळात असतो. मग रात्री अकराला बनियनवर खाली जायचं, तिथे आधीच चार घरांचे चार जण उभे, आणि जनरेटरवाला चहा संपल्याशिवाय उठत नाही.