बी विंग ग्रुप: पहाटे चारला फरशी धुणं

२०४: शुभ सकाळ. आज परत पहाटे चारला वरून बादल्या ओतल्याचा आवाज, आमच्या बेडरूमच्या छताला ओल आलीये, दिवाळीतच रंग काढलाय मी. कुणाबद्दल बोलतोय ते सगळ्यांना माहितीये, नाव घेत नाही.

५०१: टँकरचे पैसे सगळ्यांनी भरायचे आणि पाणी एकाच घरात. प्रत्येक फ्लॅटला मीटर बसवा.

सेक्रेटरी: मीटरचा विषय मीटिंगला घेऊ. वैयक्तिक टीका टाळावी 🙏

१०३: त्यांना आठवडाभर आमच्याकडे पाठवा, ओटा चकाचक होईल 😂

२०२ काकू: हसताय काय. स्वच्छता असावीच माणसाला. आमच्या सासूबाई सोवळ्यात स्वयंपाक करायच्या, त्यांना कुणी नावं नाही ठेवली. तुमच्या मजल्यावरचा कचऱ्याचा डबा दुपारपर्यंत बाहेर असतो ते बघा आधी.

१०३: काकू तो डबा १०४ चा.

१०४: आमचा??? फोटो टाकू का कालचा?

५०१: मीटर बसवा, प्रश्न मिटेल.

३०३ ताई: मिटणार नाही दादा. काकू, सोवळं जेवणं उरकली की संपायचं, हे संपतच नाही. मी समोर राहते. दुधाच्या पिशव्या साबणाने धुवायच्या, मग ते पातेलं, मग नळ, मग नळ बंद केला तो हात, की परत पहिल्यापासून. बोटांच्या बेचक्यात चिरा पडून रक्त येतं त्यांच्या. २०२० च्या लॉकडाउनमध्ये पिशव्या आपण सगळेच धूत होतो, नंतर आपण थांबलो, त्यांना थांबता आलं नाही. हा ओसीडी आहे, मंत्रचळ म्हणतात तो मानसिक आजार. माझ्या नणंदेला होता म्हणून बोलतेय. जास्त होतंय हे त्यांनाही कळतं, पण नाही धुतलं तर जीव घाबरा होतो.

२०४: वाईट वाटतंच हो, पण छत माझं गळतंय.

१०४: त्यांच्या मावशी पण सांगत होत्या, एकेक भांडं चारदा

सेक्रेटरी: मावशींकडून ऐकलेलं ग्रुपवर नको, प्लीज.

२०२ काकू: डॉक्टरकडे नेलं की गोळ्या देऊन झोपवून ठेवतात, बघितलंय मी.

३०३ ताई: झोपेच्या नसतात काकू त्या, आणि गुण यायला दहा-बारा आठवडेही लागू शकतात, लोक महिन्यात सोडून देतात. सोबत थेरपी लागते. नणंदेला दाराच्या कडीला हात लावायला सांगायचे आणि हात न धुता बसायचं, आधी रडायची, मग भीती आपोआप उतरायला लागली. घरच्यांनी सारखं "हो, स्वच्छ आहे" म्हणणं, त्यांच्यासाठी आपणही परत परत धुणं, हे थेरपिस्टला विचारून हळूहळू कमी करायचं, त्यानेच तर ते वाढतं. ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. नाहीतर टेलिमानस, सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात. आणि एक तातडीचं, काल जिन्यात सगळ्यांचे डोळे चुरचुरले ना? बाथरूमचं अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र झालं की क्लोरीन वायू होतो. बंद बाथरूममध्ये जीवावर बेतेल.

५०१: म्हणूनच म्हणतोय मीटर

३०४: मी ३०४ मधून. सगळं वाचलं. ब्लीचची बाटली आत्ता काढून घेतली. ऑफिसातून आलो की दारातच कपडे बदलून मला आंघोळीला जावं लागतं, लेकीच्या मैत्रिणी घरी यायच्या बंद झाल्या. काका, ओलीचा खर्च माझा, माणूस पाठवतो. पण बायको पण याच ग्रुपवर आहे. ते १०३ चं तिने वाचलंय.

१०३: सॉरी दादा. डिलीट केलं.

२०२ काकू: अरे मला वाटलं नुसती हौस. जेवायचा डबा पाठवू का?

३०३ ताई: काकू डबा नको, बाहेरचं त्यांना चालणार नाही आत्ता. भाऊ, आधी वहिनींना विचारा, धरूनबांधून नेऊ नका. त्या हो म्हणाल्या तर मी येते बरोबर.

२०४: ठाण्याला जायचं तर माझी गाडी आहे. छताचं पावसाळ्याआधी बघू.

सेक्रेटरी: ग्रुप उद्यापर्यंत ओन्ली अ‍ॅडमिन करतोय. मीटर रविवारी.