मुलाला नोकरी लागली. आता त्याचा पगार साठवायचा कुठे?

प्रश्न (एक आई, न्यू जर्सी)
आमचा मुलगा २३ वर्षांचा असून तो स्वमग्न आहे. मार्चपासून तो आठवड्यातून तीन दिवस एका बेकरीत जातो, खोकी जोडतो, त्यांवर लेबले लावतो आणि महिन्याला साधारण ८८५ डॉलर कमावतो. त्याला एसएसआय (कमी उत्पन्न असलेल्या अपंग व्यक्तींना अमेरिकी सरकारकडून मिळणारी मासिक मदत) मिळते आणि त्याच आधारावर मेडिकेड हा सरकारी आरोग्य विमाही आहे. अडचण अशी की, एसएसआय चालू राहायची तर त्याच्या नावावर २,००० डॉलरपेक्षा जास्त शिल्लक असता कामा नये. त्यामुळे दर महिन्याच्या तीस तारखेला मी त्याचे खाते उघडून बघते आणि आकडा वर गेलेला दिसला की काहीतरी विकत घेऊन टाकते. मागच्या महिन्यात आधीचा हेडफोन धड असताना दुसरा घेतला. त्याला तीनचाकी सायकल घ्यायची आहे, म्हणून तो कॅलेंडरवर पैशांचे आकडे मांडत असतो, आणि ते आकडे मीच खाली आणते, याचे मला फार वाईट वाटते. त्यातच त्याचे पुण्याचे आजोबा नातवाच्या नावाने मुदत ठेव करायची म्हणत आहेत. अपंग व्यक्तींसाठीच्या एबल बचत खात्याने हे सुटेल का?

उत्तर १
बऱ्याच अंशी सुटेल. २,००० डॉलरची ही मर्यादा १९८९ पासून बदललेली नाही, आणि काम करू शकणाऱ्या कितीतरी तरुणांना तिनेच घरी बसवले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यावर उपाय म्हणून २०१४ च्या डिसेंबरमध्ये एबल कायदा झाला. या खात्यातील पहिले १,००,००० डॉलर एसएसआयच्या हिशेबात धरले जात नाहीत. शिल्लक त्यापुढे गेली तर एसएसआय थांबते, परंतु मेडिकेड चालू राहते. खात्यातील पैशांवर मिळणारे उत्पन्न अपंगत्वाशी निगडित खर्चासाठी वापरल्यास करमुक्त असते, आणि कामावर ये-जा करण्याचा खर्च, प्रशिक्षण, घरभाडे, सहाय्यक उपकरणे हे सगळे त्यात येते. कामावर जाण्यासाठी घेतलेली सायकलही त्यात बसेल. पावती मात्र जपून ठेवा. पूर्वी अपंगत्व वयाच्या २६ वर्षांआधी आलेले असणे आवश्यक होते. १ जानेवारी २०२६ पासून ही अट ४६ वर्षांची झाली. तुमच्या मुलाला दोन्ही अटी लागू पडतात.

उत्तर २
वरील उत्तरात एक भर घालतो, कारण आमच्या घरी याच बाबतीत गैरसमज झाला होता. पगार थेट एबल खात्यात जमा केला तरी तो उत्पन्न म्हणून मोजला जातोच. खाते शिल्लक वाचवते, पगार लपवत नाही. दुसरे काही उत्पन्न नसेल तर ८८५ मधून आधी ८५ डॉलर वजा होतात आणि उरलेल्या ८०० च्या निम्मे, म्हणजे ४०० डॉलर, एसएसआयमधून कापले जातात. तरीही काम न करण्यापेक्षा हातात ४८५ डॉलर अधिक येतात. आम्ही एसएसआय देणाऱ्या सरकारी कार्यालयाला पगार वेळेवर कळवला नाही, तेव्हा जास्तीच्या रकमेच्या वसुलीचे पत्र आले आणि ते फेडण्यात आमच्या मुलीचे आठ महिने गेले. पगाराची चिठ्ठी मिळाली की लगेच कळवत जा.

घरभाड्यासाठी पैसे काढले तर त्याच महिन्यात भरा, कारण पहिली तारीख उलटून ती रक्कम हाती राहिली तर ती शिल्लक म्हणून मोजली जाते.

उत्तर ३
आजोबांना मुदत ठेवीपासून कृपया थांबवा. ठेव पुण्यातील बँकेत असली तरी ती नातवाच्या नावावर असेल आणि त्याला मोडता येत असेल, तर तीही त्याच्या मालमत्तेत धरली जाते. त्याऐवजी त्यांनी ती रक्कम तुम्हाला द्यावी आणि तुम्ही ती एबल खात्यात भरावी. कोणीही भर घालू शकते, मात्र सर्वांची मिळून वार्षिक मर्यादा असते. २०२५ साली ती १९,००० डॉलर होती. नोकरीतून निवृत्ती योजनेत काहीच जमा होत नसेल, तर त्या मर्यादेपलीकडे तो स्वतःच्या कमाईतून आणखीही भरू शकतो. एका व्यक्तीला एकच खाते मिळते, पण ते दुसऱ्या राज्याच्या योजनेतही उघडता येते, म्हणून शुल्क ताडून पाहा. लाभार्थ्याच्या मृत्यूनंतर काही राज्ये मेडिकेडवरील खर्च या खात्यातून वसूल करू शकतात, हेही खाते निवडताना विचारून घ्या.

प्रश्नकर्त्या आईचे उत्तर
आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. मामंजींना फोन करून मुदत ठेवीबद्दल सांगितले. त्यांना पटले, फक्त पासबुकावर नातवाचे नाव दिसणार नाही याची त्यांना हळहळ वाटली. शनिवारी मुलाला शेजारी बसवून अर्ज भरणार आहे. सायकलची किंमत ६४० डॉलर आहे आणि कॅलेंडरवर त्याने ती लाल पेनाने लिहून ठेवली आहे.