परदेशात खरेदीवर भरलेला टॅक्स परत मिळाला का? आपापले अनुभव लिहा

परवा टिळकवाडीत आमच्या भिशीत दुबईला जाऊन आलेल्या तिघीजणी निघाल्या आणि टॅक्स परत मिळालेली मी एकटीच. म्हणून म्हटलं बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या सगळ्यांनीच लिहा, काय जमलं आणि कुठं फसलं.

माझं आधी सांगते. लेकाकडे गेलेले, १,०५० दिरहमचं घड्याळ घेतलं. पासपोर्ट दाखवल्यावर दुकानदारानं बिलाला टॅक्स परत मिळायचा टॅग चिकटवून दिला, २५० दिरहमच्या आतल्या बिलाला तो मिळत नाही. व्हॅट, म्हणजे तो टॅक्स, तिथं ५ टक्के आणि किमतीत धरलेलाच, म्हणजे १,०५० मधले ५० दिरहम झाले, त्यातले ८७ टक्के देतात आणि टॅगमागं ४.८० कापतात, हातात आले ३८.७०. फार नाहीत, पण एअरपोर्टवर चहापाणी झालं. दुसऱ्या मैत्रिणीनं गणपत गल्लीत करतो तशी घासाघीस करून बिलाशिवायच पर्फ्युम घेतले, मग टॅग कुठला चिकटवणार! तिसरी बिल घरीच विसरली.

शहापूरहून : आमचं पॅरिसचं ऐका. मिसेससाठी २४० युरोची पर्स घेतली, १०० युरोच्या वर बिल होतं म्हणून दुकानात फॉर्म करून मिळाला, लेकीनं बजावलेलं की परत येताना एअरपोर्टवर फॉर्मवर कस्टमचा शिक्का मारून घ्या. पण आमची टूर पॅरिसहून रेल्वेनं स्वित्झर्लंडला आणि विमान झुरिकहून. तिथल्या काउंटरवर फॉर्म सरकवला तर बाईनं तो बघितला आणि तसाच माझ्याकडं परत सरकवला. माल युरोपियन युनियनच्या बाहेर पडतो तिथंच शिक्का पाहिजे आणि स्वित्झर्लंड युनियनमध्ये नाहीच, म्हणजे हद्दीवरच घ्यायला पाहिजे होता. हद्द कधी आली मला काय माहीत, मी डब्यात घोरत होतो. जन्म गेला सीमाभागात आणि सीमा कळली नाही तुम्हाला, असं मिसेस अजून चारचौघांत ऐकवते.

खानापूर : सिंगापूरला ९ टक्के जीएसटी आहे, १०० डॉलरच्या वर खरेदी लागते. आमची झालेली, पण पुढं बसनं मलेशियाला गेलो. रस्त्यानं बाहेर पडलं की मिळत नाही, विमानानंच जायला पाहिजे. विषय संपला.

निपाणी : थायलंडला ७ टक्के. एका दुकानात एका दिवसात २,००० बाटची खरेदी पाहिजे. आम्ही चौघा मित्रांनी बाजारात फिरून फिरून शर्ट घेतले, कुठंच तेवढं बिल होईना, शेवटी एका मॉलमध्ये बुटांवर जमलं आणि फॉर्म पण भरून घेतला. एअरपोर्टवर रांग बघून घाबरलो, पटकन बॅगा चेक-इन करून मोकळे झालो. नंतर कस्टमवाला म्हणतोय सामान दाखवा. सामान गेलं की पट्ट्यावरनं आत!

टिळकवाडी : अरे देवा. लंडनचं कुणाचं आहे का?

शहापूरहून : लंडनला टुरिस्टांसाठी ते २०२१ पासून बंदच झालंय, माझ्या मेव्हण्यानं तिथं पोचल्यावर चौकशी केली म्हणे.

चिकोडी : पुढच्या आठवड्यात बँकॉकला निघालोय. शिक्का आधी की बॅग आधी?

निपाणी : शिक्का की ओ! आणि बूट बॅगेत वरच ठेवा, चेन उघडली की दिसतील असे.