मदत हवी आहे: नऊ वर्षांचा बोका आणि नवीन पिल्लू, वन बीएचकेमध्ये ओळख कशी करून द्यायची?

नमस्कार मंडळी,

आमचा बाळ्या नऊ वर्षांचा, नसबंदी झालेला, पूर्ण घरातला बोका. सकाळी दुधाची पिशवी घ्यायला दार उघडलं की जिन्यापर्यंत जाऊन वास घेऊन परत येणार, मग खिडकी, मग सासऱ्यांच्या पायाशी दिवसभर लोळण, याच्यापलीकडे त्याला जगात काही नको असतं. आणि आता गणपतीच्या आधीच्या त्या पावसात पार्किंगमध्ये स्कूटरखाली बसून केकाटणारं एक पिल्लू घरात आलंय. आई काही दिसली नाही. लेकीने भिजलेलं पिल्लू बघून लगेच नाव ठेवलं भजी, आणि एकदा नाव ठेवलं की संपलंच, तुम्हाला माहितीये.

व्हेट म्हणाले दोन महिन्यांची असेल, जंताचं औषध, पिसवांचं औषध, पहिली लस झाली. बाहेरून आलेल्या पिल्लाला काही आजार असेल तर लगेच कळत नाही म्हणून निदान दोन आठवडे वेगळं ठेवा म्हणाले. पटतं हो, पण डोंबिवलीच्या वन बीएचकेमध्ये पाच माणसं असताना वेगळं म्हणजे कुठे? सध्या आम्ही तिघं भजीसकट बेडरूममध्ये आणि साबा (सासूबाई)-सासरे बाळ्यासकट हॉलमध्ये, कपाट बेडरूममध्ये असल्याने दार दर दहा मिनिटांनी उघडतंच.

काल तेच झालं. दार उघडलं आणि भजी सुसाट सुटली ती थेट बाळ्याच्या शेपटीवर. बाळ्याने फिस्कारून एक सणसणीत ठेवून दिली, ओरखडा वगैरे नाही, पण ती टीव्हीमागे वायरींमध्ये घुसली आणि हा फ्रिजवर जाऊन बसला तो रात्रीपर्यंत. तेव्हापासून बाळ्या निम्मंच जेवतोय आणि आज पहाटे सासऱ्यांच्या गादीवर शू केली. आयुष्यात कधी केली नव्हती!

साबांचं म्हणणं, आमच्या गावाला गोठ्यात सहा-सहा मांजरं असायची, कोण कुणाची ओळख करून देत होतं, सोडा दोघांना आणि बघा. नवरा म्हणतो पिल्लासाठी दुसरं घर शोधू. लेक दोघांशीही बोलत नाहीये. कुणी एवढ्याशा जागेत हे जमवलंय का? फिस्कारणं किती दिवस नॉर्मल समजायचं?

नागपूरकर: ताई, ओळखबिळख नंतर, आधी ती गादीवरची शू. बाळ्या सारखा लिटरमध्ये (त्याच्या शू-शीच्या बॉक्समध्ये) जाऊन बसतोय का, जोर करतोय आणि थेंबच येतायत, ओरडतोय, खालची जागा चाटत बसतोय? यातलं काहीही असेल तर आजच्या आज व्हेटकडे, रात्र झाली तरी. बोक्यांची लघवीची नळी अरुंद असते, ताण आला की त्रास उफाळतो, आणि पूर्ण तुंबली तर एक-दोन दिवसांत जिवावर बेततं. शू भरपूर होत असेल तर घाई नाही, तरी एकदा लघवी तपासून घ्या, वय आहे त्याचं. आणि निम्मं खातोय तोवर ठीक, पण पूर्ण सोडलं तर वाट बघत बसू नका, मांजर उपाशी राहिलं की लिव्हरवर येतं, जाडजूड असेल तर जास्तच.

खिडकीतली मांजर: +१. साबांना सांगा, गोठ्यातल्या मांजराला दुसरं नको झालं की ते शेजाऱ्यांच्या माळ्यावर मुक्काम हलवतं, बाळ्याने डोंबिवलीत कुठे जायचं? त्याला फ्रिज मिळाला तेच नशीब. फ्रिजवर एक जुनी चादर टाकून ती जागा त्याचीच ठेवा, भजीला अजून तिथवर उडी मारता येणार नाही.

कालचं विसरून परत बंद दारापासून सुरू करा. बाळ्याची लस वेळेवर झालीये ना? पॅनल्यूकोपेनियाचा (मांजरांचा जीवघेणा संसर्गजन्य आजार) विषाणू हाता-कपड्यांवरूनही जातो आणि साध्या फिनाईलने मरत नाही, पातळ केलेलं ब्लीच लागतं (फिनाईल तसंही मांजरांना विषारी, ज्या घरात मांजर आहे तिथे नकोच). म्हणून दोन आठवडे होईपर्यंत भजीला हाताळलं की हात धुवायचे आणि वस्तूंची अदलाबदल करायची नाही. नंतर मऊ फडका भजीच्या गालांवरून फिरवून बाळ्याच्या ताटलीपासून लांब ठेवायचा. हुंगून निघून गेला तर उत्तम, फिस्कारला तर अजून लांब. मग दाराच्या अलीकडे-पलीकडे दोघांचं जेवण, ताटल्या रोज जरा जरा जवळ. दोघं निवांत खायला लागले की दार बंद न करता मध्ये जाळी. आम्ही लहान मुलांचं सेफ्टी गेट लावून त्याला खालून वरपर्यंत मच्छरदाणीची जाळी बांधली होती, दिसायला भयंकर पण चाललं.

समोरासमोर आणण्याआधी भजीला खेळवून पार दमवायचं. निम्मी भांडणं पिल्लाच्या मस्तीमुळेच होतात, म्हाताऱ्याला शत्रुत्व नसतं, त्याला फक्त झोपायचं असतं. फिस्कारणं, गुरगुरणं, नखं न काढता एखादी चापट, एवढं काही आठवडे चालू शकतं. कान मागे चिकटवून पाठलाग किंवा लोळून गुंतागुंत झाली तर हात घालायचा नाही, मध्ये मोठा पुठ्ठा सरकवायचा.

धागाकर्ती: खूप आभार दोघांचे! शू नीट होतेय, आजच बघितलं, तरी उद्या सॅम्पल घेऊन जाते. बाळ्याची लस दरवर्षी होते. लिटरचा बॉक्स बाथरूममध्ये वॉशिंग मशीनशेजारी आहे, आणि सध्या पावसामुळे मशीन दिवसातून दोनदा लागतंय, हेही कारण असेल का?

खिडकीतली मांजर: असू शकतं की! मशीन थरथरायला लागलं की तो कशाला जाईल तिथे. दोन मांजरांना खरं तर तीन बॉक्स सांगतात, तुम्हाला दोन तरी वेगवेगळ्या कोपऱ्यांत ठेवावेच लागतील. बाळ्याचा हॉलमध्ये आणा, सोफ्यामागे वगैरे, घरचे कुरकुरतील तरी. आणि गादीला एंझाइमवालं क्लीनर मारा, नुसतं डेटॉलने पुसलं तर आपल्याला वास येत नाही, त्याला येतो.

नागपूरकर: आणि भजीचं पिल्लांचं खाणं उघड्यावर ठेवू नका, आमच्या म्हातारीने तेच खाऊन खाऊन दीड किलो वजन वाढवलं. रिपोर्ट आला की इथे टाका.