पेरॉक्साइडनंतर जीएपीडीएच मंदावतं, पण बँड तेवढाच का?

टिळकवाडी, बेळगाव
हेप-जी२ (यकृताच्या कर्करोगाच्या) पेशींना ०.५ मिलिमोलर हायड्रोजन पेरॉक्साइड १० मिनिटं दिलं की जीएपीडीएचची (ग्लुकोज फोडण्याच्या वाटेवरचं एन्झाइम) अॅक्टिव्हिटी उतरते, वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिन किती ते दाखवणारी चाचणी) बँड तेवढाच. पेंटोज फॉस्फेट मार्ग (ग्लुकोजची दुसरी वाट) वेग घेतो म्हणतात, पण लायसेटमध्ये (फोडलेल्या पेशींच्या रसात) जी६पीडी (त्या मार्गाचं पहिलं एन्झाइम) जसंच्या तसं. शिवाय एका प्लेटमध्ये घट दिसते, दुसरीत नाही. कुठं बघायचं?

खानापूर
बँडवरून प्रथिन किती ते कळतं, चालू किती ते नाही. जीएपीडीएचच्या सक्रिय जागी सिस्टीन-१५२ (१५२व्या जागचं गंधकवालं अमिनो आम्ल) आहे. पेरॉक्साइडनं त्याचं सल्फेनिक आम्ल होतं. त्यावर ग्लुटाथायोन (पेशीला ऑक्सिडीकरणापासून वाचवणारा छोटा रेणू) बसलं तर एन्झाइम पुन्हा चालू होऊ शकतं; मारा वाढून सल्फोनिकपर्यंत (त्याहून जास्त ऑक्सिडीकरण झालेलं रूप) गेलं की संपलं. खाली वाट अडली की वरचं ग्लुकोज-६-फॉस्फेट पेंटोज मार्गाला वळतं.

जी६पीडीला एरवी त्यानंच बनवलेलं एनएडीपीएच दाबून ठेवतं. ग्लुटाथायोन रिडक्टेजनं (वापरलेलं ग्लुटाथायोन परत तयार करणारं एन्झाइम) ते खर्चायला घेतलं की दाब लगेच सुटतो, नवीन प्रथिन लागत नाही. लायसेटमध्ये हे दिसणार नाही की! तिथं एनएडीपी (एनएडीपीएचचं खर्च झालेलं रूप) आपणच भरपूर घालतो. जी६पीडीचं प्रमाण वाढलेलं बघायचं तर काही तास थांबा: केप१चे (एनआरएफ२ला नष्ट करायला लावणारं प्रथिन) सिस्टीन बदलले की एनआरएफ२ (जनुकं चालू करणारं प्रथिन) नष्ट व्हायचं थांबतं आणि केंद्रकात जाऊन जी६पीडी, ट्रान्सकेटोलेजची (पेंटोज मार्गाचंच आणखी एक एन्झाइम) जनुकं चालू करतं.

निपाणी
प्लेटमधल्या फरकाचं आधी मीडियात बघा. डीएमईएममध्ये (पेशी वाढवायचा द्रव) १ मिलिमोलर पायरुवेट असेल तर ते पेरॉक्साइड खाऊन टाकतं. धुऊन, पायरुवेट आणि सीरम नसलेल्या बफरमध्ये डोस द्या. पेशींची संख्याही सारखी ठेवा. दाट प्लेटमध्ये कॅटालेज (पेरॉक्साइड फोडणारं एन्झाइम) जास्त, म्हणून तोच डोस हलका पडतो.

पेरॉक्साइडच्या बाटलीवर लिहिलेल्या ३० टक्क्यांवर जाऊ नका, उन्हाळ्यात तर नकोच. १००० पट पातळ करून २४० नॅनोमीटरला मोजा: ताजं असेल तर शोषण साधारण ०.४३ यायला पाहिजे (शोषण गुणांक ४३.६).

लायसिस बफरमध्ये (पेशी फोडायच्या द्रवात) डीटीटी (सिस्टीन मूळ रूपात आणणारं रसायन) असेल तर सल्फेनिक आणि ग्लुटाथायोन दोन्ही उलटतात, घट पुसली जाते. सिस्टीन झाकायला एनईएम (सिस्टीनला चिकटणारं रसायन) घातलं तर तेच सक्रिय सिस्टीनवर बसून एन्झाइम मारतं. म्हणून नमुना दोन भागांत करा: अॅक्टिव्हिटीचा भाग दोन्हींशिवाय, बर्फावर, लगेच मोजायचा; एनईएम फक्त ब्लॉटच्या भागात. अॅक्टिव्हिटीच्या भागातला थोडा १० मिलिमोलर डीटीटीत ठेवून परत मोजा. जेवढी परत आली तेवढी उलटणारी इजा.

टिळकवाडी, बेळगाव
बफरमध्ये १ मिलिमोलर डीटीटी आहेच, ते काढतो. जी६पीडी मोजताना ६-फॉस्फोग्लुकोनेट डिहायड्रोजनेजचं (पेंटोज मार्गातलं पुढचं एन्झाइम) काय?

निपाणी
तेही एनएडीपीएच देतं, ३४० नॅनोमीटरला दोन्ही मिसळतात. आधी दोन्ही सबस्ट्रेट (ग्लुकोज-६-फॉस्फेट आणि ६-फॉस्फोग्लुकोनेट) घालून वेग घ्या, मग फक्त ६-फॉस्फोग्लुकोनेट घालून, आणि वजा करा.